घोडीचे रक्त, माझे सीरम

इंदूरमध्ये पशुवैद्यक म्हणून काम करायला लागून मला आता सोळा वर्षे झाली. माझ्या रामबागेतल्या दवाखान्यात रोजची वर्दळ कुत्र्या-मांजरांचीच असते. पण माझे शिक्षण महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झाले, तिथल्या सरांनी मोठ्या जनावरांची गोडी लावली, आणि म्हणून शहराच्या कडेच्या एखाद्या गोठ्यातून किंवा तबेल्यातून बोलावणे आले की मी अजूनही आवर्जून जाते. तीन वर्षांपूर्वी हरतालिकेच्या सकाळी आलेल्या अशाच एका बोलावण्याने मला पुढचे दोन महिने स्वतःच्या रक्ताकडे पाहायला लावले. त्या दोन महिन्यांत जे घडले आणि जे समजले, ते क्रमाने लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

आजारी होती ती चंदा नावाची वरातीची घोडी. चातुर्मासात लग्ने नसतात, त्यामुळे आषाढीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे आमच्याकडच्या देवउठनीपर्यंत, या घोड्यांना काम नसते. मालकांनी तिला खंडवा रस्त्याच्या बाजूला एका म्हशींच्या गोठ्यालगत चरायला ठेवले होते. ती नीट खात होती, तरी महिन्याभरात तिच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. ताप येई, दोन-तीन दिवसांनी उतरे आणि पुन्हा येई. मागचे पाय आणि पोटाखालचा भाग सुजला होता, आणि चालताना मागचा धड असा झोके खात होता की जणू पुढच्या धडाशी त्याचा संबंध सुटला आहे. मी पापणी उलटून पाहिली तेव्हा आतली त्वचा गुलाबी असण्याऐवजी जुन्या मेणासारखी पांढुरकी होती. ताप १०४.५ अंश होता. पावसाळ्याचे दिवस, शेजारी म्हशी, पाण्याचे डबके आणि अंगावर बसणाऱ्या मोठ्या रक्तपिपासू टॅबॅनस माश्या, एवढे पाहिल्यावर माझ्या मनात एकच नाव आले, सर्रा, म्हणजे चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार.

गळ्याच्या शिरेतून रक्त काढून झाले होते. मी सुई बाहेर काढत असताना एक माशी चंदाच्या कानामागे चावली असावी, कारण तिने एकदम मान झटकली, धरणाऱ्या मुलाच्या हातून दोर सुटला, आणि ती जाड, १८ गेजची सुई माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी हातमोज्यातून आरपार शिरली. सुईत रक्त होते. हातमोजा काढला तेव्हा माझ्या तळव्यावर दोन प्राण्यांचे रक्त एकत्र झालेले होते आणि त्यातले कोणते कोणाचे हे सांगता येत नव्हते. मी गोठ्याच्या नळाखाली पंधरा मिनिटे हात धरून ठेवला, साबणाने धुतला, आयोडीन लावले, आणि नळ्यांवर नाव-तारीख लिहून दवाखान्यात परतले.

सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या रक्ताची ओली स्लाइड पाहताना आधी परजीवी दिसत नाही, आधी दिसते ती गडबड. तांबड्या पेशी एरवी शांत पडून असतात; इथे मात्र एका कोपऱ्यातल्या पेशी कोणीतरी मागून ढकलत असल्यासारख्या हलत होत्या. नजर तिथे स्थिर केली तेव्हा त्यांच्यामधून सुळसुळत जाणारा, पातळ पडद्यासारखी कडा लहरवणारा एक पारदर्शक जीव दिसला. मग दुसरा दिसला, मग एकाच क्षेत्रात, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या गोलात, सात-आठ. हा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. तांबड्या पेशीच्या तीन-चार पट लांब, एकपेशीय, आणि रक्ताच्या प्रवाहात उघड्यावर राहणारा. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो प्रथम पाहिला आणि रोगाचे कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले. माझ्या विद्यार्थिदशेपासून मी तो अनेकदा पाहिला होता. मात्र अंगठ्याला पट्टी बांधून तो पाहण्याची ती पहिलीच वेळ होती.

चंदाचे उपचार आधी केले. या परजीवीला मारणाऱ्या क्विनापायरामिन या औषधाचे इंजेक्शन कातडीखाली दोन ठिकाणी विभागून दिले, कारण एकाच जागी दिले तर घोड्यांना मोठी सूज येते. आणि शिरेतून डेक्स्ट्रोज दिले, कारण हे जीव रक्तातली साखर अधाशासारखी वापरतात. नियमाप्रमाणे ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराच्या तपासणीसाठीही तिचा नमुना पाठवला. तो पुढे निर्दोष आला. त्यानंतर मी एका खासगी रुग्णालयात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, जखम पाहिली आणि सांगितले, “घोड्यांचा हा आजार माणसांना होत नाही. निश्चिंत घरी जा.” मी त्यांना विचारले, “का होत नाही?” त्यांनी पुन्हा तेच वाक्य सांगितले. मला त्यांना दोष द्यायचा नाही, कारण त्यांचे वाक्य जवळजवळ सर्व माणसांच्या बाबतीत खरे आहे. पण ज्याच्या अंगठ्यात सुई गेलेली असते त्याला “होत नाही” एवढ्याने पुरत नाही. कोण होऊ देत नाही, हे त्याला हवे असते.

माझा मोठा भाऊ डॉक्टर आहे, आणि त्याचा दवाखाना लोकमान्य नगरात आहे. त्याला फोन केला तेव्हा त्याने शांतपणे सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मला हा जीव फक्त पुस्तकातल्या चित्रात माहीत आहे. तुझ्या सरांना विचार. ते काय म्हणतात तसे आपण करू.” सरांना निवृत्त होऊन काही वर्षे झाली आहेत, पण महूतल्या एका प्रयोगशाळेत ते अजून बसतात. मी सुईची हकीकत सांगताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “औषध देण्याआधीचे रक्त शिल्लक आहे का? हेपॅरिनच्या नळीत?” हेपॅरिनमुळे रक्त गोठत नाही. ते होते. “मग ते थंड पिशवीत घालून आत्ताच ये,” ते म्हणाले. इंदूरहून महू पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. मी दुपारी तीनच्या सुमाराला तिथे पोचले. उपास असल्याने सकाळपासून पोटात पाणीही नव्हते. सरांच्या पत्नीने केळे आणि दूध समोर ठेवले, आणि सरांनी “हे आधी घे, मग रक्त देशील” असे सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा मी हरतालिकेचा उपास अर्ध्यावर सोडला.

त्यांनी माझ्या उजव्या हातातून पाच मिलिलिटर रक्त घेतले, ते गोठू दिले आणि सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून त्यातले सीरम, म्हणजे गुठळी वगळून उरणारा पिवळसर द्रव, वेगळे केले. तसेच सीरम त्यांनी स्वतःच्या रक्तातूनही काढले, आणि चंदाच्या रक्तातून द्रव वेगळा काढला. मग तीन छोट्या नळ्यांत चंदाचे परजीवींनी भरलेले रक्त थोडे थोडे घातले. पहिल्या नळीत चंदाचाच द्रव, दुसरीत माझे सीरम, तिसरीत सरांचे. तिन्ही नळ्या ३७ अंशांवर उबवणी यंत्रात ठेवल्या. दर अर्ध्या तासाने प्रत्येकीतला एक थेंब पाहायचा असे ठरले.

पहिल्या अर्ध्या तासात तिन्ही नळ्यांत सारखेच दिसले, सगळीकडे जोरदार वळवळ. मी निराश झाले होते, पण सर म्हणाले, “थांब. याला आधी खावे लागते, मग मरावे लागते.” आणि त्या रिकाम्या वेळात त्यांनी मला ते सांगितले, जे मी महाविद्यालयात एका ओळीत पाठ करून विसरले होते.

ट्रिपॅनोसोमाच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या सुमारे एक कोटी प्रतींचा दाट अंगरखा असतो. आपले शरीर त्या अंगरख्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, त्यासाठी आठवडाभर खपते, आणि बहुतेक परजीवी मारलेही जातात. पण तोवर त्यांच्यातल्या काहींनी अंगरखा बदललेला असतो. असे बदलण्यासाठी त्यांच्या जनुकांत शेकडो नमुने साठवलेले असतात. चंदाचा ताप चढत-उतरत होता तो याचमुळे. प्रत्येक उतार ही तिच्या प्रतिद्रव्यांची जीत होती आणि प्रत्येक चढ हा नवा अंगरखा. म्हणजे शिकून लढणारी जी प्रतिकारशक्ती आहे, जिच्यावर लसींचा सारा डोलारा उभा आहे, ती इथे कायम एक पाऊल मागे राहते. मग जो बचाव करायचा तो न शिकता, आधीपासून तयार असलेल्या साधनानेच करावा लागतो, आणि जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात ती हीच.

या साधनाची चाहूल फार जुनी आहे. हिवतापाचा परजीवी १८८० मध्ये शोधणाऱ्या अल्फोन्स लाव्हराँ यांनी १९०२ मध्ये पाहिले की, ट्रिपॅनोसोमाची लागण झालेल्या उंदरांना माणसाचे सीरम टोचले तर त्यांच्या रक्तातले परजीवी नाहीसे होतात. ते नाहीसे करणारा घटक आपल्या रक्तातल्या त्या चरबीवाहक कणांत आहे, ज्यांना आपण तपासणीच्या कागदावर ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणून ओळखतो, हे कळायला त्यानंतर पाऊणशे वर्षे गेली. आणि त्या कणांमधला खरा मारेकरी म्हणजे अपोलिपोप्रोटीन एल-१ नावाचे प्रथिन, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. माणूस, गोरिला, बबून अशा मोजक्याच प्राण्यांकडे ते आहे. चिंपांझीकडे नाही. घोड्याकडे, उंटाकडे, म्हशीकडे, कुत्र्याकडे नाही.

त्याची मारण्याची रीत सरांनी कागदावर पेन्सिलीने काढून दाखवली. ट्रिपॅनोसोमाला हीम हा लोहयुक्त घटक लागतो, पण तो स्वतः तयार करता येत नाही, म्हणून फुटलेल्या तांबड्या पेशींचे हिमोग्लोबिन ज्या वाहक प्रथिनाला चिकटलेले असते ते प्रथिन तो आपल्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या खिशातून आत ओढून घेतो. माणसाच्या त्या चरबीकणांवर नेमके तसेच दिसणारे, त्या वाहकाचे जुळे भावंड असलेले एक प्रथिन बसलेले असते. परजीवी त्याला अन्न समजून गिळतो आणि त्याच्याबरोबर अपोलिपोप्रोटीन एल-१ही आत जाते. ते पेशीच्या पचन करणाऱ्या आम्लयुक्त पिशवीत पोचले की त्या आम्लामुळे त्याचे रूप पालटते, ते पिशवीच्या आवरणात घुसून तिथे भोक पाडते, त्या भोकातून क्षारांचे कण आणि त्यांच्यामागून पाणी आत येत राहते, आणि परजीवी फुगत जाऊन फुटतो. अंगरखा कोणता आहे याच्याशी या मार्गाचा काहीच संबंध नाही. तो कितीही वेळा बदलला तरी भूक तीच राहते, आणि वार भुकेच्या वाटेनेच होतो. मी रोगप्रतिकारशास्त्रात जे जे वाचले आहे त्यात मला ही रचना सर्वांत सुंदर वाटते.

तासाभराने दुसऱ्या नळीचा थेंब पाहिला. वळवळ होती, पण मंदावलेली. काही परजीवी एकाच जागी थरथरत होते, आणि त्यांच्या सडपातळ अंगाच्या मध्यावर काचेच्या फुग्यासारखा एक फुगवटा आला होता. पतंगासारखा तो आकार दिसत होता. दीड तासाने तसे बहुतेक सारे. दोन तासांनी मी एकामागून एक वीस क्षेत्रे पाहिली, आणि तिथे फक्त शांत पडलेल्या तांबड्या पेशी आणि मध्ये मध्ये फिकट, रिकामी टरफले उरली होती. सरांच्या सीरमच्या नळीतही तेच दिसत होते. पहिल्या नळीत, चंदाच्या द्रवात, ते सकाळइतक्याच जोमाने पोहत होते. पूरक प्रथिने म्हणून जी एक मोठी जन्मजात यंत्रणा सर्व सस्तन प्राण्यांत असते ती चंदाकडेही होती. तिचा या अंगरख्यापुढे इलाज चालला नव्हता. चंदा आणि मी यांच्यातला फरक त्या तीन थेंबांत स्पष्ट दिसत होता. मी बराच वेळ डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून बसले होते.

मला वाटले की आता संपले. सरांनी मात्र लगेच बजावले की नळीत जे घडते ते शरीरात तसेच घडेल असे धरून चालू नये, आणि मग त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. २००४ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याला महिनोन्महिने चढता-उतरता ताप येत होता, आणि त्याच्या रक्ताच्या स्लाइडवर सापडला तो हाच, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. माणसात या परजीवीची सिद्ध झालेली ती पहिली लागण. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर वापरतात ते सुरामिन देऊन तो बरा झाला. त्याच्या गावात अठराशेहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. त्यातल्या अनेकांच्या रक्तात या परजीवीविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली, म्हणजे त्यांच्याशी त्याची गाठ पडली असण्याची शक्यता होती, पण परजीवी कोणातही सापडला नाही. मग तोच एक का आजारी पडला? २००६ मध्ये उत्तर मिळाले. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन्ही जनुकप्रतींत दोष होता आणि त्याच्या रक्तात अपोलिपोप्रोटीन एल-१ नव्हतेच. त्याच्या सीरममध्ये ते प्रथिन बाहेरून मिसळले तेव्हा ते सीरम ट्रिपॅनोसोमांना मारू लागले.

बैलांच्या खांद्याला खांदा लावून राबणाऱ्या त्या माणसाविषयी मला तेव्हापासून एक कृतज्ञता वाटते. कोट्यवधी गुराखी, शेतकरी, खाटीक आणि माझ्यासारखे पशुवैद्यक ज्या पहाऱ्याखाली आयुष्यभर निर्धास्त वावरतात, त्याच्या अस्तित्वाचा पुरावा त्याला पाच महिने आजारी पडून द्यावा लागला. त्याने काहीच चुकीचे केले नव्हते, आणि मी काहीच चांगले केले नव्हते.

सरांनी आणखी एक प्रकरण सांगितले तेव्हा मात्र माझा धीर थोडा खचला. व्हिएतनाममध्ये काही वर्षांनी एका स्त्रीला याच परजीवीची लागण झाली, कच्चे मांस कापताना झालेल्या जखमेतून ती झाली असावी असे मानले गेले, आणि तिच्या रक्तात अपोलिपोप्रोटीन एल-१ अगदी व्यवस्थित होते. आफ्रिकेतल्या ट्रिपॅनोसोमांच्या दोन प्रकारांनी तर या प्रथिनाला निकामी करण्याची युक्ती शोधलेली आहे, आणि म्हणूनच निद्रारोग माणसाला होतो. आपल्याकडचा इव्हान्सी सहसा तसे करू शकत नाही. पण सहसा हा शब्द सरांनी दोनदा उच्चारला. म्हणून ठरले ते असे: दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहायचा, पहिला महिना आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा रक्ताची ओली आणि गिम्सा रंगाची स्लाइड पाहायची, आणि परजीवी दिसल्याशिवाय कोणतेही औषध घ्यायचे नाही. सुरामिन हे सौम्य औषध नाही, आणि नुसत्या भीतीवर ते घेणे योग्य ठरले नसते.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, “मुलाला जवळ घ्यायचे नाही का गं काही दिवस?” मी त्यांना समजावले की हा आजार स्पर्शाने, श्वासाने किंवा जेवणाने पसरत नाही, चावणारी माशी एका जनावराचे ताजे रक्त सोंडेवर घेऊन लगेच दुसऱ्याला चावते तेव्हा, किंवा असे रक्त जखमेतून थेट आत गेले तर, तो जातो. त्यांनी ते मान्य केले, तरी घराच्या खिडक्यांना दुसऱ्याच दिवशी जाळ्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. अंगठ्याभोवतीची जागा लाल, गरम आणि दुखरी झाली होती, आणि मी ती रोज मोबाईलवर टिपून दादाला पाठवत होते. ती सूज परजीवीची आहे की नुसत्या सुईच्या जखमेची, हे दिसण्यावरून सांगता येत नाही. कातडीखालच्या राखणदार पेशींना इजा झाल्याचे संदेश मिळतात, त्या रक्तवाहिन्या सैल करतात, पांढऱ्या पेशींना हाक घालतात, आणि ही हाक कशासाठीही सारखीच असते. चौथ्या दिवशी सूज उतरली. पहिल्या दोन स्लाइड निर्दोष होत्या.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरात झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात. मिलच्या कामगारांनी सुरू ठेवलेली ती परंपरा पाहायला सारे शहर रस्त्यावर रात्रभर जागते, आणि आमचे कुटुंबही दरवर्षी जाते. त्या संध्याकाळी निघण्यापूर्वी मी ताप मोजला तर तो १०१.२ होता. सुई लागून बारावा दिवस होता. अंग मोडून आले होते, थंडी वाजत होती. मी वहीत आकडा लिहिला आणि कोणाला काही न सांगता पाच मिनिटे पलंगाच्या कडेवर बसून राहिले. चंदाचा तापाचा तक्ता आणि माझी वही शेजारी ठेवली तर दोन्हींची सुरुवात सारखीच दिसली असती.

यजमानांनी मला गर्दी टाळत गल्ल्यांमधून दादाच्या दवाखान्यात नेले. त्याने रक्त घेतले, हिवतापाची झटपट चाचणी केली, ती निर्दोष होती. ओली स्लाइड मी स्वतः पाहायला बसले, आणि तेव्हा लक्षात आले की माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही. प्रत्येक क्षेत्रात मला पेशी हलल्याचा भास होत होता. दादाने मला उठवले आणि म्हणाला, “तू आत्ता रुग्ण आहेस, डॉक्टर नाहीस.” त्याने बारीक काचनळीत रक्त भरून ते फिरवले, कारण थोडे परजीवी असले तर ते पांढऱ्या पेशींच्या थरापाशी गोळा होतात आणि एरवी निसटणारे तिथे दिसतात, आणि तो थर त्याने व त्याच्या तंत्रज्ञाने वेगवेगळा पाहिला. सरांना फोनवर चलचित्र पाठवले. रात्री दीड वाजता तिघांचे एकमत झाले की त्यात काही नाही. दूरवर ढोल-ताशांचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी माझा घसा धरला, तिसऱ्या दिवशी मुलाला आणि सासूबाईंना तीच सर्दी झाली, आणि ताप उतरला.

त्या तीन दिवसांत पडून राहिल्यावर मला चंदाच्या पांढऱ्या पापणीचा विचार पुन्हा पुन्हा येत होता. तिचे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, १९ टक्क्यांवर आले होते, आणि हा ऱ्हास मुख्यतः परजीवींनी केलेला नव्हता. सर्रामध्ये यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी सततच्या संदेशांनी इतक्या चेतवल्या जातात की त्या आपल्याच तांबड्या पेशी गिळू लागतात. या भक्षक पेशी जन्मजात प्रतिकारशक्तीचाच कणा आहेत. जी यंत्रणा माझ्या रक्तात दोन तासांत शांतपणे काम आटोपून मोकळी झाली, तिच्याच कुळातली दुसरी यंत्रणा चंदाच्या शरीरात महिनाभर झुंजत राहिली आणि शत्रू हाती लागत नाही म्हणून तिचेच रक्त आटवत गेली. जन्मजात प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या चूर्णांच्या आणि काढ्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला चंदाची ती पापणी आठवते. ही शक्ती वाढली म्हणजे भलेच होते असे नाही; ती नेमकी असावी लागते आणि वेळेवर थांबावी लागते. ज्या लोकांमध्ये अपोलिपोप्रोटीन एल-१चे अधिक धारदार प्रकार आढळतात, म्हणजे मूळच्या पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांमध्ये, ते निद्रारोगाच्या एका प्रकाराला दाद देत नाहीत, पण त्यांच्यातल्या काहींना त्याच प्रकारांपायी मूत्रपिंडाचा आजार होतो. हे २०१० मध्ये स्पष्ट झाले आहे.

पुढचे सहा आठवडे वहीत लिहिण्यासारखे फारसे नव्हते. आकडे ९८ च्या आसपास राहिले. मी कामावर जात होते, म्हशी, गायी तपासत होते, आणि सुई टोचल्यावर ती हातात न ठेवता लगेच जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकण्याची सवय मी तेव्हा स्वतःला लावून घेतली. म्हशींच्या त्या गोठ्यातल्या सर्व जनावरांचे रक्त आम्ही तपासले. वरून धडधाकट दिसणाऱ्या दोन म्हशींच्या रक्तात परजीवी निघाला. म्हशी तो महिनोन्महिने अंगावर वागवतात आणि माश्या तो घोड्यांपर्यंत नेतात. त्या दोघींवर उपचार झाले, डबकी बुजवली गेली, गोठ्यात संध्याकाळी धूर होऊ लागला.

सुई लागली त्याला भाऊबीजेला दोन महिने व्हायला एकच दिवस कमी होता. दादा दुपारी आमच्याकडे आला. मी त्याला ओवाळले, त्याने ओवाळणी तबकात घातली, आणि मग त्याच पाटावर बसून, कुंकवाचे बोट अजून ओले असताना, त्याने माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेतून शेवटचा थेंब घेतला. स्लाइड त्याने बरोबर नेली आणि तासाभराने फोन केला. मी त्याला किती क्षेत्रे पाहिली ते विचारले. “दोनशे,” तो म्हणाला, “आणि नंतर आणखी शंभर, तू विचारशील म्हणून.”

चंदाची तपासणी मी एकादशीच्या दोन दिवस आधी केली. तिच्या बरगड्या झाकल्या होत्या, पायांची सूज गेली होती, मागचा धड पुढच्याबरोबर चालत होता. दोर या वेळी स्वतः मालकांनी धरला, आणि मी तिच्या कानामागे हात ठेवून माश्या हाकलून घेतल्याशिवाय सुई काढली नाही. हिमॅटोक्रिट ३१ होते. दवाखान्यात येऊन ओली स्लाइड लावली आणि चाळीस क्षेत्रे पाहिली. तांबड्या पेशी जिथल्या तिथे होत्या. त्यांना कोणीही ढकलत नव्हते.